ब्लॉकमधून पाणी गळतंय? 'ब्लॉक फुटला' म्हणण्याआधी डमी बघा

जुन्या गाडीच्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागावर, हिरवट ओघळ दिसला, पार्किंगच्या लादीवर रोज सकाळी डाग पडायला लागला, की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "ब्लॉक गेलाय, इंजिन उतरवावं लागेल." कधीकधी ते खरंही असतं. पण मुंबईत पारा शून्याच्या आसपासही फिरकत नाही, त्यामुळे पाणी गोठून ब्लॉक तडकायचं कारणच उरत नाही. इथे ब्लॉक तडकतो तो मुख्यतः गाडी उकळल्यामुळे. गाडी कधी उकळलीच नसेल, तर ब्लॉकच्या अंगातून येणारं पाणी बहुतेक वेळा एका स्वस्त, पातळ पत्र्याच्या झाकणातून येत असतं. गॅरेजमध्ये तिला 'डमी' म्हणतात, दुकानात 'वेल्च प्लग' किंवा 'कोअर प्लग' म्हणून मिळते.

ब्लॉक ओतताना सिलिंडरभोवती पाणी फिरायला पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचे गाभे बसवतात. ते गाभे तोलून धरायला आणि नंतर वाळू काढून टाकायला ब्लॉकच्या बाजूंना गोल भोकं ठेवावी लागतात. काम झाल्यावर या भोकांत वाटीसारखा पत्र्याचा प्लग दाबून बसवतात. त्याला आटे नाहीत, बोल्ट नाही, तो निव्वळ घट्ट बसल्यामुळे टिकून राहतो. प्लगचा व्यास भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही दशांशांनी मोठा असतो, एवढ्यावरच त्याची पकड असते.

आता गंज. ब्लॉकची भिंत काही मिलिमीटर जाड, तर डमीचा पत्रा एक-दीड मिलिमीटर. दोन्ही सारखेच गंजले तरी आधी आरपार जाते ती डमी. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं, त्याहून वाईट म्हणजे बोअरिंगचं पाणी ओतलं असेल, तर आतून पत्रा खात जातो. बाहेरून खारी, दमट हवा आपलं काम करतेच. गंजाचा गाळ पाण्याच्या पोकळीत तळाला बसतो, म्हणून डमी बऱ्याचदा खालच्या अर्ध्या भागात सडते. सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडतं. गाडी गार असताना त्यातून थेंबही येत नाही, कारण दाब नसतो. इंजिन तापलं, दाब चढला, की बारीक फवारा सुटतो आणि गरम ब्लॉकवर पडून तिथेच वाळतो. मागे राहतो तो पांढरट किंवा तांबूस थर. हा थर दिसला तर त्याच्याजवळच नीट शोधा.

छोट्या गळतीने काय बिघडतं? बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या झाकणावर '0.9' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ते झाकण आत 0.9 बार, साधारण 13 पीएसआय दाब धरून ठेवतं. या दाबाखाली साधं पाणीही 100 ऐवजी सुमारे 119 अंशांना उकळतं, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. छिद्र पडलं की तो दाब निघून जातो आणि पाणी 100 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. एस. व्ही. रोडच्या ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंड गिअरवर सरकणाऱ्या गाडीला हा फरक झेपत नाही. खंडाळ्याचा घाट चढताना तर नाहीच.

आणखी एक धोका तापमानाच्या काट्याचा. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरं सांगतो. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की त्याच्याभोवती वाफ आणि हवा उरते आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. गळणाऱ्या गाडीचा काटा अचानक खाली आला, तर गाडी थंड झाली असं समजू नका. ताबडतोब बाजूला घेऊन बंद करा.

पाणी कुठून येतंय, हे आधी नक्की करा

या कामात सगळ्यात जास्त पैसे चुकीचा भाग उघडण्यात जातात. पाणी जिथे टपकतं तिथून ते आलेलं असेलच असं नाही. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगमधून निघालेलं पाणी ब्लॉकवरून ओघळत नेमकं डमीच्या कडेवर थांबतं. गाडी धावत असताना वारा आणि पंखा त्याला मागे ढकलतात.

पहिली शंका एसीची. एसी चालू असताना डॅशबोर्डच्या खालून जे पाणी टपकतं ते स्वच्छ, बिनवासाचं असतं, बोटांना चिकटत नाही. कूलंट बोटांना किंचित तेलकट-चिकट लागतं, त्याला रंग असतो आणि गोडसर वास येतो. चव मात्र घेऊ नका. यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

मग गार इंजिनवर प्रेशर टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर बसणारा हातपंप बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. झाकणावर जेवढा आकडा लिहिलाय तेवढाच दाब द्या, त्याहून जास्त नाही, कारण जुना रेडिएटर आणि होज पाइप तिथेच फुटायचे. दाब दिला की दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि टॉर्च घेऊन वरून खाली शोधत या: वरचा होज, थर्मोस्टॅट हाउसिंग, हेड (ब्लॉकच्या वर बसणारा भाग) आणि ब्लॉकचा जोड, वॉटर पंप, हीटरचे पाइप, ब्लॉकचा ड्रेन बोल्ट, आणि मग एकेक डमी. हाताच्या लांबीवर छोटा आरसा धरला की मॅनिफोल्डच्या (हेडला जोडलेल्या धुराच्या पाइपांच्या) मागच्या डमीही दिसतात. पावसाळ्यात अख्खं इंजिनच ओलं असतं, म्हणून टेस्टच्या आधी ब्लॉक कापडाने आणि हवेने पूर्ण कोरडा करा, नाहीतर शोध लागणार नाही.

वॉटर पंपाच्या अंगाला खालच्या बाजूने एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं. ते छिद्र कंपनीने मुद्दाम ठेवलेलं आहे, ते बुजवू नका, पंप बदला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून पाणी पडत असेल, तर फ्लायव्हीलमागची (गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या जड चाकामागची) डमी गेल्याची दाट शक्यता आहे.

दाब उतरतोय पण बाहेर थेंबही नाही, तर पाणी आत जातंय. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ ऑइल, सायलेन्सरमधून थांबत नसलेला पांढरा, गोडसर वासाचा धूर, इंजिन चालू केल्याकेल्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ही लक्षणं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेल्याची किंवा आतल्या तड्याची. अशा वेळी डमी बदलून काहीही होणार नाही.

डमी बदलण्याचं काम

गाडी पूर्ण गार हवी, शक्यतो रात्रभर उभी असलेली. गरम रेडिएटरचं झाकण उघडल्याने भाजलेले हात आणि चेहरे हे नेहमीचेच अपघात आहेत. मागच्या चाकांना ठोकळे लावा, आणि गाडीखाली जाणार असाल तर ती स्टँडवर असू द्या, नुसत्या जॅकवर नको. बॅटरीची मायनस वायर काढा, कारण स्टार्टर मोटर बऱ्याचदा डमीच्या वाटेत असते आणि तिच्यावर थेट बॅटरीचा करंट असतो.

रेडिएटरचा ड्रेन उघडून पाणी टबात घ्या. पण रेडिएटर रिकामा झाला म्हणजे ब्लॉक रिकामा झाला असं नाही. ब्लॉकला स्वतःचा ड्रेन बोल्ट असतो, तोही उघडा. बोल्ट काढूनही पाणी आलं नाही, तर भोक गाळाने बुजलंय, तारेने टोचा. गाळ किती आणि कसा निघतो ते नीट बघा. लालसर चिखल आला, तर बाकीच्या डमींचीही हीच अवस्था आहे असं धरून चाला.

वाटेतले भाग काढताना सगळ्यात जपायचं ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडना. वीस वर्षं तापून गंजलेले स्टड जोर लावला की तुटतात आणि तासाभराचं काम दोन दिवसांचं होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाना सैल दिशेला थोडा, मग घट्ट दिशेला थोडा, असं करत सोडवा.

आता डमी काढणं. पसरट तोंडाचा बोथट पंच डमीच्या आत, खालच्या कडेजवळ ठेवा आणि हातोडीने ठोका. एक कड आत गेली की समोरची कड बाहेर येते, डमी आपल्या आसावर फिरते. बाहेर आलेली कड पक्कडीने धरा आणि ओढून काढा. मधोमध ठोकू नका. मधोमध ठोकलं तर अख्खी डमी आत जाते, आणि तिच्यामागे थोड्याच अंतरावर सिलिंडरची भिंत असते. आत पडलीच, तर चुंबकाने किंवा लांब तोंडाच्या पक्कडीने शोधून बाहेर काढायलाच हवी. ती आत सोडून वर नवीन बसवली, तर पाण्याचा प्रवाह अडतो आणि तो सिलिंडर तापायला लागतो. छिन्नी वापरू नका, भोकाच्या कडेला पडलेला उभा ओरखडा नवीन डमीच्या बाजूने आयुष्यभर पाणी सोडतो.

भोक मोकळं झालं की आतला गाळ वाकवलेल्या तारेने खरवडा आणि पाइपने पाणी मारून धुवा. सगळ्या डमी काढल्या असतील तर ही संधी पुन्हा मिळायची नाही, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. मग भोकाची बसक 320 किंवा 400 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल-गोल घासून चकचकीत करा. उभं घासू नका. बोट फिरवून खड्डे लागतात का बघा. हलके खड्डे सीलंटने भरतात. नख अडकेल असे खोल खड्डे असतील, तर लेथवाल्याकडून भोक किंचित मोठं करून ओव्हरसाइज डमी बसवावी लागेल.

नवीन डमी गाडीच्या नावावर न आणता मापावर आणा. व्हर्नियरने भोकाचा व्यास दोन दिशांनी, आडवा आणि उभा, मोजा. बाजारात मिळणारी डमी त्याहून साधारण 0.1 ते 0.4 मिलिमीटर मोठी असावी. हाताने दाबून आत जाणारी डमी नको, ती पहिल्या घाटात बाहेर येईल. जुनी डमीही सोबत न्या, तिची खोली आणि प्रकार जुळायला हवा. पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण डमी मापावर विकली जात असल्यामुळे अशा जुन्या गाड्यांचं हे काम सहसा अडत नाही. ग्रँट रोड-ऑपेरा हाउसच्या बाजूची स्पेअर पार्टची दुकानं किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे चौकशी करा.

पितळी मिळत असेल आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर पितळीच घ्या. लोखंडी डमीपेक्षा थोडी महाग पडते, पण गंजत नाही. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनचा किंवा जुन्या ॲम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनचा ब्लॉक बिडाचा आहे. झेन किंवा एस्टीमसारख्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये मात्र कंपनीने दिलेल्या धातूचीच डमी वापरा, कारण पितळ आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि कूलंट जुनं झालं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

बसवताना भोक पूर्ण कोरडं आणि तेलविरहित हवं. डमीच्या कडेला सीलंटचा पातळ थर द्या. जास्त लावलं की उरलेलं आत पडतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. वाटीच्या आकाराची डमी उघडी बाजू बाहेर ठेवून बसवायची. वाटीच्या आत सैलसर बसेल असा सॉकेट घ्या, तो वाटीच्या काठाला लागता कामा नये. सॉकेट मधोमध, सरळ धरून हलक्या, सारख्या ठोक्यांनी आत न्या. वाकडी जायला लागली तर थांबा, काढा, नवीन घ्या. वाकडी झालेली डमी ठोकून सरळ केली तरी तिची पकड गेलेली असते. काठ भोकाच्या उतरत्या कडेच्या आत अर्धा ते एक मिलिमीटर गेला की पुरे. काही जुन्या इंजिनांत वाटीऐवजी फुगीर चकती असते. ती फुगीर बाजू बाहेर ठेवून बसवतात आणि मध्यावर एक नेमका ठोका देऊन जरा चपटी करतात, म्हणजे ती पसरून कडेला घट्ट बसते.

सीलंटच्या डबीवर लिहिलेला वेळ पाळा. सिलिकॉनचं सीलंट असेल तर 24 तास. त्याच दिवशी गाडी हवी म्हणून घाई केलेल्या डमी परत येतात.

एक गेली तर हाताला लागतील तेवढ्या सगळ्या बदला. सगळ्यांचं वय एकच आणि पाणीही एकच. डमीची किंमत किरकोळ, मजुरी खरी. फ्लायव्हीलमागच्या डमीसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ती गळत नसेल तर क्लचप्लेट बदलायच्या वेळी करून घ्यावी, पण त्या वेळी विसरू नये. हात पोहोचतो पण ठोकायला जागा नाही अशा ठिकाणी बोल्ट आवळला की फुगणारा रबरी प्लग मिळतो. तो तात्पुरता इलाज आहे.

हळद, एम-सील आणि थर्मोस्टॅट

रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते, हे खरं आहे, म्हणूनच हा उपाय इतका टिकला. हळदीचे कण पाण्यात फुगतात, दाबाने छिद्राकडे ओढले जातात आणि तिथे अडकतात. पण त्या कणांना छिद्र आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. गंजाच्या गाळात हळद मिसळली की आधीच अरुंद झालेल्या नळ्या बुजतात. बाटलीतल्या लीक-स्टॉप पावडरींचंही हेच. घाटात अडकलात आणि घरी पोहोचायचंय, तर एकवेळ ठीक. पोहोचल्यावर सगळी सिस्टीम धुऊन काढा. एम-सीलचा गोळा बाहेरून थापण्याचा उपयोग याहून कमी: खाली गंज आणि ओल असते, त्यामुळे तो धातूला धरतच नाही, आणि आतला दाब त्याला सतत बाहेर ढकलत असतो.

"मुंबईच्या गरमीत थर्मोस्टॅटची गरज नाही" म्हणून तो काढून टाकतात, हे मात्र पूर्ण चुकीचं आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेत तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत येतं आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जास्त तापते. डमीचं काम करताना थर्मोस्टॅट नसल्याचं दिसलं, तर कंपनीच्या आकड्याचा, बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंशांचा, नवा बसवून घ्या.

खरंच तडा असेल तर

उकळलेल्या इंजिनवर बाटलीभर गार पाणी ओतणं हे तड्याचं एक मोठं कारण. गरम ओतीव धातू एका जागी एकदम आकसतो आणि तडकतो. तडा बाहेरच्या भिंतीला, ताण नसलेल्या जागी असेल, तर तडा जिथे संपतो त्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे सरकायचा थांबवतात आणि धातूच्या पिनांची शिलाई घालतात. बिडाच्या वेल्डिंगला निकेलची कांडी आणि आधी सगळा ब्लॉक तापवणं लागतं. नुसतं वेल्डिंग मारलं तर शेजारी नवा तडा जातो. तडा सिलिंडरच्या भिंतीत किंवा हेड बोल्टच्या भोकाजवळ असेल, तर त्यावर खर्च करू नये, दुसरा ब्लॉक शोधावा. जुना ब्लॉक घेताना बिल घ्या आणि इंजिन नंबर बदलत असेल तर आरटीओत नोंद करा. आरसी बुकावरचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर जुळला नाही, तर पुढे विकताना आणि विमा मागताना अडचण येते.

पाणी भरणं

मुंबईला गोठण्याची भीती नाही म्हणून कूलंट नको, असा हिशेब करू नका. कूलंटचं इथलं मुख्य काम गंज रोखणं आहे. त्यासाठी मिश्रणात निदान एक तृतीयांश, शक्यतो अर्धं कूलंट हवं. निम्म्याहून फार जास्त घातलं तर उष्णता वाहून नेण्याची ताकद उलट कमी होते. पाणी डिस्टिल्ड, पेट्रोल पंपावर मिळतं ते बॅटरीचं पाणी चालेल.

इथे एक हिशेब चुकतो. समजा सिस्टीम 4 लिटरची आहे. धुऊन झाल्यावर लिटरभर साधं पाणी ब्लॉकमध्ये अडकून राहतं. त्यावर तयार 50 टक्क्यांचं मिश्रण ओतलं तर प्रत्यक्षात 37-38 टक्केच होतं. म्हणून आधी 2 लिटर कडक, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. जुन्या हिरव्या कूलंटवर दुसऱ्या प्रकारचं ओतू नका. रंग सारखा असला तरी आतली रसायनं सारखी असतीलच असं नाही, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

भरताना गाडीचं नाक किंचित वर ठेवा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर करा, हवा सोडायचा स्क्रू असेल तर उघडा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि वरचा होज हाताने दाबत राहा. तो एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. पंखा इलेक्ट्रिक असेल तर तो दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा, मग झाकण लावा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणही नवं घ्या.

जुनं पाणी गटारात ओतू नका. मुंबईची पावसाळी गटारं थेट खाडीत-समुद्रात जातात, आणि गोडसर चवीमुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं सांडलेलं कूलंट चाटतात. त्यांना थोडंसंही जिवावर बेततं. बंद डब्यात भरून, वापरलेलं ऑइल अधिकृतपणे उचलायला देणाऱ्या गॅरेजला द्या.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी बघा. स्पेअर बाटलीवर टेपची खूण करा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघा. त्याच वेळी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन रेडिएटरमधल्या पाण्यात, धातूला न टेकवता, धरा. इंजिन चालू, लाइट चालू. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर कूलंट तरी संपलंय किंवा इंजिनची अर्थ वायर सैल-गंजलेली आहे आणि करंट पाण्यातून वाट काढतोय. ॲल्युमिनियम ब्लॉकला याच्या निम्मंही जास्तच. अर्थ वायर काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा आणि परत मोजा.